आंघोळ करून उघडायचं कपाट

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपले एकामागे एक मागच्या बाजूला सरकत जातात, आणि एक दिवस भलतंच काही शोधताना हाताला लागतात. परवा माझं तसंच झालं. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा, मध फ्रीजमध्ये ठेवू की बाहेर?"

मी म्हटलं, "बाहेर. पण का, ते सांगायला बसलो तर चहा दोनदा करावा लागेल."

तिनं चहा दोनदा केला. तुम्हीही बसा!

गोष्ट लोणावळ्याची, दुसऱ्या महायुद्धाच्या जरा आधीची. वळवणच्या रस्त्याला 'विसावा' नावाचं बोर्डिंग हाऊस होतं. मुंबईची मंडळी हवा खायला यायची, आणि हवेनं भूक लागली की आमच्याकडे जेवायची. मी तिथला मॅनेजर, वय वर्षं तेवीस. मॅनेजर म्हणजे पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं, स्टेशनवर पोचवायचं आणि मधल्या दिवसांत त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. स्वयंपाकघर भागीरथी मावशींचं. मावशी म्हणजे कडक सोवळं, हाताला चव आणि जिभेला धार. बंबापासून बागेपर्यंत बाकी सगळं धोंडीबा बघायचा. तो वळवणचाच, घरची भातखाचरं सांभाळून आमच्याकडे यायचा. मालक काकासाहेब पुण्यात राहत.

आता गंमत बघा. वळवणच्या धरणाचं पाणी घाटाखाली जायचं, तिथं त्याची वीज व्हायची, आणि ती वीज जायची मुंबईला. आमच्या रस्त्याला कंदील! मुंबईचे पाहुणे मात्र एप्रिल-मेमध्ये आल्या आल्या बर्फ मागायचे. बर्फ मुंबईहून भुशात गुंडाळून रेल्वेनं यायचा आणि घाट चढेपर्यंत त्यातला भुसा तेवढा शिल्लक राहायचा. म्हणून मी काकासाहेबांच्या मागे लागलो, की रॉकेलवर चालणारं गार कपाट निघालंय, ते घ्या. रेफ्रिजरेटर हा शब्द आमच्याकडे कुणी वापरलाच नाही. तो उच्चारेपर्यंत लोणी वितळायचं!

वर्षभरानं काकासाहेब हो म्हणाले, पण बोट उगारून. "तुमच्या शब्दावर घेतोय. नाही चाललं, तर कपाट आणि मॅनेजर एकाच बैलगाडीतून स्टेशनवर!"

मी हसलो. पण तळेगावला आई आणि दोन धाकट्या बहिणी माझ्या पगारावर होत्या, त्यामुळे ते हसू फार वेळ टिकलं नाही.

*

कपाट आलं ते नेमकं आषाढात. धुकं इतकं की बैलगाडीच्या बैलांना पुढची वाट दिसेना. धोंडीबा डोक्यावर इरलं घेऊन, गुडघाभर चिखलात उभा राहून, ते लाकडी खोक्यातलं धूड उतरवत होता.

"मॅनेजरसायेब, हाय तरी काय ह्यात?"

"थंडी आहे."

त्यानं इरल्याखालून एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "थंडी इकत आनली? आन् ती पन लोनावळ्यात? पुसात माज्या घरी या, पोतं भरून फुकट देतो!"

कपाट स्वयंपाकघरात लागलं. खालच्या टाकीत रॉकेल भरलं, वात पेटवली, निळी ज्योत धरली. दुसऱ्या दिवशी वरच्या खणात पाण्याचा बर्फ झाला. मी विजयी मुद्रेनं मावशींना तो दाखवला.

मावशी बराच वेळ खालच्या ज्योतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "खाली जाळ लावला की वर गार होतं? मग माझी चूल इतकी वर्षं काय करत होती?"

*

चारच दिवसांत मावशींनी कपाटाचा वरचा कप्पा काबीज केला. तिथं दूध, दही, लोणी आणि श्रीखंडाचा चक्का. तो कप्पा सोवळ्याचा. पाहुण्यांची अंडी सगळ्यात खाली, डब्यात. डब्याला झाकण, झाकणावर दगड! अंडी उडून वर येतील अशी त्यांना भीती असावी.

"आंघोळ केल्याशिवाय वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही," मावशींनी फर्मान काढलं.

मी म्हटलं, "मावशी, कप्पे वेगळे, पण दार एकच आहे."

मावशींनी क्षणभर विचार केला. "बरं झालं आठवण केलीस. आंघोळ केल्याशिवाय दारालाही हात लावायचा नाही."

बोलून फसलो तो असा!

श्रावणातली गोष्ट. गिरगावचे एक वकील उतरले होते. पहाटे पावसाची झड लागलेली, बंब पेटायला अजून तासभर अवकाश, आणि वकीलसाहेबांना टोस्टबरोबर लोणी हवं. मावशी पूजेला बसलेल्या. मी विहिरीचं पाणी अंगावर घेतलं. दात वाजवत ओल्या अंगानं कपाट उघडलं, लोणी काढलं, बशीत ठेवून वकीलसाहेबांसमोर नेलं.

त्यांनी सुरीनं ते टोचून पाहिलं. "मॅनेजर, हे फारच गार आहे हो. जरा ऊन करून आणता का?"

*

खरी पंचाईत शिळ्याची होती. आमच्या मावशींचा कायदा साधा: रात्र उलटली की अन्न शिळं, आणि शिळं पाहुण्याच्या पानात जायचं नाही. पण मग कपाट घेतलं कशाला? रात्रभर गार राहिलेली बासुंदी ताजी की शिळी?

धोंडीबानं आपलं मत दिलं. "मावशी, दार लावलं की आत सदा अंधारच. म्हंजे आत समदी रातच! आत ठिवलं की लगीच शिळं!"

मावशींना ते पटलं. बासुंदीच कपाटात जाणार नाही म्हटल्यावर काकासाहेबांची बैलगाडी मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

सुदैवानं त्या आठवड्यात वाईचे एक वृद्ध शास्त्रीबुवा हवापालटाला आले होते. निवाडा त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "वस्तू पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही." मावशींनी आदल्या दिवशीच्या गार बासुंदीची वाटी पुढे केली. शास्त्रीबुवांनी डोळे मिटून ती संपवली.

"मग?" मावशींनी विचारलं.

"प्रश्न नाजूक आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "आणखी एक वाटी द्या."

दुसरी वाटी संपली. त्यांनी उपरण्यानं मिशा पुसल्या. "शिजवलेला भात, भाजी, आमटी, हे शिळं. दुधाच्या पदार्थाला दोष नाही. मी आणखी पाच दिवस आहे, रोज तपासून सांगेन."

*

मग मी एक पुठ्ठा घेतला, मधोमध रेघ मारली, एकीकडे 'आत' आणि एकीकडे 'बाहेर' असं लिहून तो कपाटाच्या दारावर टांगला. त्या 'बाहेर'च्या यादीतल्या एकेका शब्दापायी आम्ही काय भोगलंय ते आम्हालाच ठाऊक!

केळी घ्या. दादरच्या एका बाईंनी डझनभर केळी आमच्या नकळत कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी ती तव्यासारखी काळी. बाई म्हणाल्या, आतून चांगली असतील. धोंडीबानं ती गाईपुढे टाकली. गाईनं हुंगलं आणि तोंड फिरवून ती थेट धोंडीबाकडे बघायला लागली. 'केळी, बाहेर.'

चिक्की पावसात चिकट होते म्हणून आत ठेवली, तर बाहेर काढल्यावर तिला असा घाम सुटला की कागदासकट खावी लागली. 'चिक्की, घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेर.'

पावाची गोष्ट निराळी. बाजारातले भट्टीवाले रहीमचाचा रोज सकाळी पाव घालायचे. एकदा पाहुणे कमी होते म्हणून उरलेले पाव मी कपाटात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी चाचांसमोरच एक काढला. तो हातात घेऊन त्यांनी टेबलावर आपटला. ठक्क!

चाचांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "मॅनेजरसाहेब, पाव उरला तर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, भिकाऱ्याला द्या, नाहीतर मला परत द्या. पण त्याला थंडीत मारू नका."

आता सूनबाईंच्या मधाकडे येतो. राजमाचीच्या रानातला मध धोंडीबा दरवर्षी आणून द्यायचा. त्या वर्षी मी ती बरणी कपाटात ठेवली. महिन्याभरानं मध दगडासारखा घट्ट, पांढरट, दाणेदार. एका पाहुण्याचा चमचा वाकला. पाहुणे म्हणाले, "यात साखर घातली आहे. तुमचा माणूस फसवतो."

धोंडीबाचा चेहरा असा उतरला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ती बरणी उचलली, अंगणातल्या उन्हात दगडावर ठेवली आणि समोर बसून राहिला, दुपारच्या जेवणालाही उठला नाही. चारच्या सुमारास तो बरणी घेऊन आला. मध पुन्हा सोन्यासारखा वाहता.

"साकर न्हाई वो," तो पाहुण्यांना म्हणाला. "माज्या मधाला हिव भरलंतं. जरा उनाला बसवला, बरा झाला."

पाहुण्यांनी त्याची माफी मागितली आणि दोन बाटल्या मध मागितला. धोंडीबानं एकच दिली. म्हणाला, "एक तुमची. एक आजाऱ्याची."

*

लोणच्याचा किस्सा मात्र थेट मालकांचा. काकासाहेब उन्हाळ्यात महिन्यातून एकदा यायचे. एका खेपेला त्यांनी मावशींची नुकतीच घातलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी पाहिली. "एवढं महागाचं कपाट घरात असताना बरणी फळीवर? आत ठेवा!"

मावशी म्हणाल्या, "लोणच्याला मुरायचं असतं. त्याला झोपवून कसं चालेल?"

"मावशी, हे शास्त्र आहे."

मावशी गप्प बसल्या. मावशी गप्प बसल्या की समजावं, पुढे काही खरं नाही. बरणी आत गेली. पुढच्या महिन्यात काकासाहेब जेवायला बसले. पानात वरण, भात, भाजी, कोशिंबीर, आणि डावीकडे तेल थिजलेली, कच्ची कडकडीत आंब्याची फोड. त्यांनी ती चावली. कट्ट!

"मावशी, हे काय?"

"शास्त्र आहे," मावशी म्हणाल्या. "वाढू आणखी?"

काकासाहेबांनी स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर लिहिलं: 'लोणचं, बाहेर.' पण पुण्याला निघताना मला म्हणाले, "मॅनेजर, यादी बघतोय मी. बाहेरची वाढतच चाललीय. आत राहणार तरी काय शेवटी?"

*

मग लढाई भडकली आणि रॉकेल रेशनवर गेलं. कंदिलाला मिळेना, तिथं कपाटाला कोण देणार? मुंबईचे पाहुणेही कमी झाले. रोज सकाळी टाकीत काठी बुडवून बघायची आणि जीव मुठीत धरायचा, असं माझं चाललं होतं.

अशा दिवसांत श्रावणात बाजारातले डॉक्टर सायकलवरून आले. हातात भुशात गुंडाळलेली छोटी पत्र्याची पेटी. सापाच्या विषावरचं औषध होतं. ते गार राहिलं नाही तर वाया जातं, आणि या भागात त्यांना ठाऊक असलेलं गार कपाट आमचं एकच.

मावशींनी विचारलं, "कशापासून करतात?"

मी डॉक्टरांना डोळ्यांनी खुणावलं, खोटं सांगा म्हणून. पण डॉक्टर पडले सरळ माणूस. "घोड्याच्या रक्तापासून, मावशी."

चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी हललं नाही. जिथं अंड्यांवर दगड, तिथं घोड्याचं रक्त!

"कुणासाठी आहे?"

"भाताच्या चिखलात पाय घालणाऱ्या कुणासाठीही."

मावशी उठल्या. वरच्या कप्प्यातलं लोणी काढलं, दही काढलं, चक्का काढला, कप्पा पुसला आणि पेटी तिथं ठेवली. मग माझ्याकडे वळल्या. "टकामका काय बघतोस? हीसुद्धा सोवळ्यातच. आंघोळ केल्याशिवाय हात लावायचा नाही."

त्याच दिवसापासून त्यांनी बाकी सगळं कपाटाबाहेर काढलं. दार जितकं कमी उघडेल तितकं घासलेट कमी जळेल, हा त्यांचा हिशेब. दूध तीनदा तापवायचं, लोणी माठातल्या पाण्यात, दही रोजचं रोज. पुठ्ठ्यावर 'आत'खाली जे जे होतं ते त्यांनी कोळशानं खोडलं.

भाद्रपदात, भर दुपारी, वळवणच्या शिवारातून आरडाओरडा ऐकू आला. धोंडीबाची सून पारू बांधावर गवत कापत होती, तिला साप चावला होता. चौघांनी तिला झोळीत घालून आमच्याच ओसरीवर आणलं, कारण औषध कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाठोपाठ डॉक्टर सायकल टाकून धावत आले. "पेटी काढा!"

मी धावलो. मी नुकताच स्टेशनवरून आलेला, चिखलानं बरबटलेला. दाराच्या मुठीपर्यंत हात गेला, आणि खरं सांगतो, तिथंच अडला! इतक्या वर्षांची सवय. आंघोळ झालेली नाही!

मावशी सोवळ्यानं पानं वाढत होत्या. "उभा काय राहिलास मेल्या? उघड!" असं ओरडून त्यांनी मला बाजूला लोटलं, दार उघडलं, पेटी डॉक्टरांच्या हातात दिली, आणि तशाच ओसरीवर बसून पारूचं चिखलानं माखलेलं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर सुई भरेपर्यंत त्या तिच्याशी सारखं बोलत होत्या. धोंडीबा खांबाला धरून उभा होता.

पारू वाचली, आणि उरलेलं औषध पेटीसकट पुन्हा वरच्या कप्प्यात गेलं. चौथ्या दिवशी उठून बसली आणि भाकरी मागितली.

साप चावला त्याच दिवशी संध्याकाळी मावशींनी पुन्हा आंघोळ केली, सोवळं बदललं आणि मला बजावलं, "नियम आहे तोच आहे हं. आजचं धरायचं नाही."

*

काकासाहेब पावसाळ्यात लोणावळ्याला फिरकत नसत. त्यांचं पत्र आलं: "रॉकेलवर उधळपट्टी करण्याचे दिवस नाहीत. खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्यांनी कपाट मागितले आहे. दसरा होताच त्यांना घेऊन येतो. आपला करार आपणांस आठवत असेलच."

आठवत होता. मी पारूची हकीकत लिहायला बसलो, तर मावशींनी कागदच काढून घेतला. "लिहून कुणाला काही कळतं का? येऊ देत त्यांना."

दसऱ्यानंतर ते पुण्याच्या गाडीनं आले. बरोबर बंगलेवाले, दाराशी बैलगाडी. मी आदल्या दिवशीच माझी ट्रंक भरली होती, ती गाडीवानानं मुकाट्यानं चढवून ठेवली.

काकासाहेब तडक स्वयंपाकघरात आले. दूध चुलीजवळ, लोणी माठात, दही शिंक्यात. पुठ्ठ्यावर 'आत'खाली सगळं खोडलेलं. तळाशी मावशींच्या अक्षरात एकच ओळ: 'डॉक्टरांची पेटी'.

"म्हणजे खायचं काहीच आत नाही?" ते कडाडले. "मग हे चालू कशाला? आणि रॉकेल कुठून आणता?"

भिंतीशी बाटल्यांची रांग होती. औषधाच्या, तेलाच्या, सोड्याच्या, कुणाला चिंधीचं बूच, कुणाला कणसाच्या बुरकुंडाचं. प्रत्येकीत घोट-दोन घोट रॉकेल.

धोंडीबा पुढे झाला. "गावाचं हाय, सायेब. कोन पवन मावळातनंबी आनून देतं. आमी आता दिस हाय तवरच जेवून घेतो, दिवं लावत न्हाई. भात कापायचं दिस हायेत. पेटी गार ऱ्हायला पायजे."

काकासाहेबांनी एक बाटली उचलून उजेडात धरली. मग ती जागेवर ठेवून हात पुढे करत म्हणाले, "बघू तरी, काय आहे त्या पेटीत."

"हां! हात नाही लावायचा," मावशी म्हणाल्या. "आगगाडीतून आलात. आंघोळ करून या."

बंगलेवाले घड्याळ बघायला लागले. घरचा मालक, स्वतःच्या कपाटासमोर उभा! काकासाहेबांनी मावशींकडे पाहिलं, बाटल्यांकडे पाहिलं, कोट काढून खुंटीला अडकवला आणि विहिरीकडे गेले.

ते ओल्या पंच्यानं परत आले. दार उघडलं, पेटी दोन्ही हातांनी उचलली, झाकण उघडून बघितलं, आणि जिथं होती तिथंच ठेवून दार लावलं. मग तसेच गुडघ्यांवर खाली बसले, ज्योत बारीक झाली होती ती सारखी केली, आणि मान वर न करताच म्हणाले,

"मॅनेजर, गाडीतून ट्रंक उतरवा."